स्टेंट मंडळाच्या ताई

किस्से जमवावे लागत नाहीत. एका मैदानावर सात हार्ट पेशंट आणि त्यांना शिकवायला निघालेली एक शहाणी मुलगी एवढं एकत्र आणलं, की पुढचं आपोआप होतं. आमच्याकडे चारच महिन्यांत इतके साठलेत, की व्यायामानंतर टपरीवर बिनसाखरेचा चहा घेताना रोज एक निघतो. "ताईंचा तो ग्राफवाला सांगा!" कुणीतरी म्हणतं, आणि मंडळ हसायला मोकळं होतं. अडचण एवढीच, की प्रत्येक किस्स्यात ती शहाणी मुलगी मीच असते. मीही हसते. पण खरं सांगते, यातले दोन-तीन किस्से सुरू झाले, की मी चहाच्या ग्लासातच बघत बसते.

*

मी शिकले स्कॉटलंडमध्ये. विषय, हृदयरोग्यांसाठी व्यायाम. तिथली नोकरी सोडून नाशिकला परत आले ती ठरवून. गाडीत बसायच्या आधीच आईला सांगितलं, "आपल्याकडे माणसं स्टेंट टाकून घरी येतात आणि पुढची वीस वर्षं सोफ्यावर घाबरून बसतात. मी त्यांना उठवणार!"

आई म्हणाली, "आधी बॅग उचल."

गंगापूर रोडच्या मागच्या एका मैदानावर मी सकाळचा वर्ग सुरू केला. फी नाही. माणसं आली सात, त्यांच्यात मिळून स्टेंट अकरा आणि एक बायपास. नाव मी ठेवलं होतं 'नवहृदय'. पहिल्याच आठवड्यात त्याचं 'स्टेंट मंडळ' झालं.

प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घेतला. त्यात एक रकाना होता, 'तुमचे ध्येय'. कुणी लिहिलं वजन कमी करणे, कुणी लिहिलं निरोगी आयुष्य. निवृत्तीअण्णांनी फॉर्म बायकोकडे सरकवला. अण्णा फुलशेतीवाले. मखमलाबादच्या पुढे त्यांचा झेंडू आणि गुलाब. हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्के, म्हणजे जेमतेम निम्म्या ताकदीचं. मागचा दसरा त्यांनी दवाखान्याच्या कॉटवर काढला होता, आणि त्यांच्या वावरातला झेंडू लोकांनी तोडला होता. काकूंनी त्यांच्या वतीने एका ओळीत लिहिलं, 'दसऱ्याला झेंडू तोडायला वावरात उभं राहायचं आहे.'

मी फॉर्म वाचला आणि भारावून म्हणाले, "अण्णा, उभे काय, नाचाल!"

अण्णा नुसते हसले. काकू हसल्या नाहीत.

*

वर्गाची वेळ मी ठेवली सकाळी आठ. औषधं झालेली असतात, नाश्ता पचलेला असतो, पुस्तकात तसंच होतं. जूनचा पहिला आठवडा होता. पाऊस यायचा होता, पण येत नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं, आणि सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटलेले.

"ताई, वेळ जरा अलीकडे घ्या," सुमनमावशी म्हणाल्या. मावशींचा भाजीबाजारात ओटा आहे. एक स्टेंट, आणि सात माणसांचा आवाज. "आठला हवा नुसती शिजलेली असते."

मी त्यांच्यासमोर मोबाइल धरला. "मावशी, फक्त अठ्ठावीस डिग्री आहे! अठ्ठावीसला तिकडे लोक सुट्टी काढून समुद्रावर जातात!"

अठ्ठावीसच्या खाली हवेतल्या दमटपणाचाही आकडा होता. शहाऐंशी. तो मी वाचला नाही. घाम सुकतच नाही अशा हवेत हृदयाला दुप्पट राबावं लागतं, हे मी स्वतः परीक्षेत लिहून आले होते. पण ते घामाचं सगळं मी स्वेटर घालून शिकले होते.

मावशींनी मोबाइलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, माझी कोथिंबीर आठनंतर माना टाकते," त्या म्हणाल्या. "आणि तिला तर हार्टचं काही नाही!"

वेळ मात्र आठच राहिली.

*

मंडळात एकमेव बायपासवाले म्हणजे पगारे काका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं स्पष्ट मत आहे, की स्टेंट हा आजारच नव्हे. "तुमचं काय हो, मनगटातून वायर घातली, संध्याकाळी चहा प्यायलात! इथं छाती उघडली होती, छाती!" असं म्हणून ते शर्टाचं वरचं बटण सोडायला लागतात, आणि बायका घाईघाईने म्हणतात, "बघितलंय काका, बघितलंय!"

मी सगळ्यांना सांगितलं होतं, की प्रत्येकाने आपापल्या वेगाने चालायचं. पण रोज बघते तर पगारे काका पुढे आणि मागे सहा जण आगगाडीसारखे. काका जोरात चालले की सगळे जोरात. मागून पावलं वाजली की काका आणखी जोरात.

शेवटी मी मावशींना बाजूला घेतलं. "मावशी, तुम्ही त्यांच्या पुढे का जात नाही? किंवा मागे राहा!"

"मागं राहिलं तर आजारी दिसतं," मावशी म्हणाल्या. "आणि पुढं कसं जायचं? वयानं मोठे, वर बायपास!"

*

ग्राफवाला किस्सा तो हा.

व्यायाम करताना किती दम लागतोय, ते पेशंटने स्वतः आकड्यात सांगायचं असतं. सहा म्हणजे काहीच नाही, वीस म्हणजे जीव चालला. मी मोठा तक्ता छापून आणला, शेजारी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं. रोज शेवटच्या फेरीनंतर ओळीने उभं करून विचारायची आणि वहीत लिहायची.

दोन महिन्यांत माझ्या लक्षात आलं, की आकडे कमालीचे सुंदर येतायत. कुणीही पंधराच्या वर नाही. पगारे काका बारा, मावशी अकरा, बाकीचे दहा, अण्णा नऊ. काका तेरा, तर मावशी बारा, बाकीचे अकरा, अण्णा दहा. सगळ्या रेषा एकमेकींना समांतर! मी ग्राफ काढला आणि थेट स्कॉटलंडच्या माझ्या प्राध्यापकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, की इतका शिस्तबद्ध गट त्यांनी आजवर पाहिला नाही. ते उत्तर मी टपरीवर सगळ्यांना मराठीत वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या.

मग एके दिवशी पगारे काका नातवाच्या बारशाला गेले. मी तक्ता धरून उभी. "मावशी, किती?"

मावशींनी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी जमिनीकडे.

"किती, मावशी?"

"आता कसं सांगायचं?" मावशी म्हणाल्या. "काका किती म्हणाले असते, ते तर कळू द्या!"

मोठ्या माणसापेक्षा आपल्याला जास्त दम लागला म्हणणं म्हणजे आगाऊपणा, म्हणून सगळे काकांच्या खाली एक-एक पायरी उतरत होते. अण्णा सगळ्यांत मागे, म्हणून सगळ्यांत खाली. पस्तीस टक्के पंपिंगचा माणूस मला रोज नऊ सांगत होता, आणि मी ते शाईने लिहीत होते.

यावर मी काय केलं? प्राध्यापकांना पुन्हा मेल लिहायला हवी होती. ती आजतागायत लिहिलेली नाही. मंडळाला मी समजावून सांगितलं, की खरा आकडा सांगा. सगळे "हो ताई" म्हणाले. दुसऱ्या दिवशी काका परत आले. बारा, अकरा, दहा, नऊ.

*

पाण्याच्या बाबतीत मात्र मी फार कडक होते. गळ्यात शिट्टी. दर पंधरा मिनिटांनी फुंकायची, आणि सगळ्यांनी बाटलीतून प्यायचं. "उन्हात पाणी हेच औषध!" हे माझं वाक्य मावशी बाजारातसुद्धा म्हणायच्या.

अण्णा यात पहिले. शिट्टी वाजली की बाटली तोंडाला. तासाभरात पूर्ण लिटर संपलेला. मी त्यांना पुढे बोलावलं आणि सगळ्यांना म्हणाले, "हे बघा, याला म्हणतात आदर्श पेशंट!"

अण्णा लाजून लाल झाले. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

*

सप्टेंबरात पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली. खाली जमीन ओली, वरून कडक ऊन. मैदानातून वाफ निघताना दिसत होती. त्या दिवशी मी दोन फेऱ्या वाढवल्या. दसरा जवळ येत होता, आणि अण्णांना वावरात उभं करून दाखवायची मलाच जास्त घाई झाली होती.

सातव्या फेरीला अण्णा रांगेतून बाहेर आले, खाली वाकले आणि बुटाशी चाळा करत बसले.

"काय झालं अण्णा?" मी लांबूनच ओरडले.

"काय नाय ताई. लेस सुटली."

"बांधा आणि या पटकन! दोनच राहिल्यात!"

मी घड्याळाकडे बघत होते. मावशी माझ्याशेजारून चालता चालता थांबल्या. त्यांनी अण्णांकडे नीट बघितलं आणि बाजारात ओरडतात तशा ओरडल्या, "अहो अण्णा, तुमचे बूट तर चिकटपट्टीचे! लेस कुठंय त्याला?"

अण्णांनी वर बघितलं. चेहरा राखेसारखा. मग ते शांतपणे एका कुशीवर कलंडले.

सावलीत नेणं, पाय उंच करणं, ओल्या टॉवेलने पुसणं, ते सगळं मी केलं. ते मला येत होतं. पगारे काकांनी दोनदा विचारूनही मला रुग्णवाहिकेचा नंबर मात्र आठवेना. शेवटी मावशींच्या पुतण्याच्या भाजीच्या टेम्पोतून, मेथीच्या जुड्यांवर झोपवून, आम्ही अण्णांना दवाखान्यात नेलं.

*

हार्टवाल्या डॉक्टरांनी तपासलं. ॲटॅक नव्हता. प्रेशर खाली गेलेलं, अंग कोरडं पडलेलं.

"कोरडं?" मी म्हणाले. "अहो, ते तर सगळ्यांत जास्त पाणी पितात!"

काकू कॉटपाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी अण्णांना दिवसाला दीड लिटरच पाणी बांधून दिलेलं, वर अंगातलं पाणी काढायची गोळी. ताईंनी सांगितलेलं, शिट्टी वाजली की प्या. डॉक्टर अन् ताई, दोघंही शिकलेली माणसं, कुणाला नाही कसं म्हणायचं?

"सकाळी ताईंच्या नावाचं पितात," काकू म्हणाल्या, "अन् मग दिवसभर तुमच्या नावानं कोरडे राहतात."

शिवाय हेही त्या दिवशीच कळलं, की अण्णा पहाटे चारला उठायचे, काकूंबरोबर फुलबाजारात माल पोचवायचे आणि तिथून मैदानावर यायचे. माझ्या फॉर्मवर 'दैनंदिन हालचाल' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'कमी'. कारण मी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले होते, "आता काय, घरीच असतो."

डॉक्टर वैतागले होते. "अण्णा, या असल्या दमट हवेत आठ वाजता फिरायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी तिथेच उभी होते. कॉटपासून दोन हातांवर. गळ्यात शिट्टी.

"कुणी नाय साहेब," अण्णा म्हणाले. "माझ्याच मनानं गेलो."

मी तोंड उघडलं. मग मिटलं. डॉक्टर पुढच्या कॉटकडे गेले.

हा किस्सा टपरीवर कुणीच काढत नाही.

*

पुढचे चार दिवस मी मैदानावर गेले नाही. फोन बंद. आईने विचारलं तर सांगितलं, अंग दुखतंय.

पाचव्या दिवशी मावशींनी आईच्या मोबाइलवर फोन केला. "ताई, आम्ही आता सहाला जमतोय. कडुलिंबांच्या बाजूला, सावलीत. पगारे काकांना आम्ही मधी घातलंय, सगळे शेजारी-शेजारी एका ओळीत चालतो, म्हणजे पुढं-मागं कुणी नको. तुम्ही येताय का?"

मी अंथरुणात उठून बसले.

"यायचं नसलं तर नका येऊ," मावशी म्हणाल्या. "शिट्टी तेवढी पाठवून द्या!"

*

पंधरा दिवसांनी अण्णांची तपासणी होती. मी काकूंना म्हणाले, मी पण येते. रिक्षात मी तीनदा वाक्य जुळवलं. आत गेल्यावर जुळवलेलं सगळं विसरले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "डॉक्टर, त्या दिवशी ते त्यांच्या मनाने आले नव्हते. मी बोलावलं होतं. आठ वाजता. फेऱ्यासुद्धा मीच वाढवल्या. आणि तेव्हा मी गप्प बसले."

डॉक्टरांनी काही म्हणायच्या आतच अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "खोटं बोलतायत त्या!"

"अण्णा!"

"साहेब, तुम्ही यांचं ऐकू नका. यांचा वर्ग बंद झाला तर मी दसऱ्याला उभा कसा राहू?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. मी म्हटलं, आता बोलणी खायची. खायला तयार होते, हवीच होती मला. पण ते माझ्याशी बोललेच नाहीत.

"अण्णा," ते म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. शेतकरी माणूस आपल्या मनानं मैदानात गोल गोल फिरत नाही. त्याला वावर असतं."

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मग डॉक्टरांनी कागद ओढला आणि काकूंना विचारत विचारत लिहिलं. रोज सकाळी वजन. पाणी दिवसभरात मोजून, थोडं थोडं. फुलबाजाराच्या खेपा बंद. दसऱ्याच्या तोडणीला सहा ते सव्वासात, मध्ये मध्ये बसून, आणि त्यानंतर घर. शेवटी त्यांनी पेन माझ्याकडे वळवलं. "तुम्ही तिथं हजर राहायचं. शिट्टीशिवाय."

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी सहाच्या आधी वावरात पोचले. बारा बाया सऱ्यांमध्ये शिरलेल्या. सगळीकडे केशरी-पिवळं. रात्री भुरभुर येऊन गेली होती, त्यामुळे हवा जड. अण्णा टोपी घालून पहिल्या सरीत उभे. उभे होते! कमरेला फडकं बांधून दोन्ही हातांनी तोडत होते. मी त्यांच्या बोटाला नाडी बघायचं यंत्र लावलं. ठीक होतं. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी मोबाइल बघितला.

वीस मिनिटांनी मी म्हणाले, "अण्णा, आता बसा थोडं."

"हा एवढा वाफा होऊ द्या."

आणखी दहा मिनिटांनी, "अण्णा, बसा."

"बसतो, बसतो."

बसेनात. मानेवर घाम पाझरत होता, पण सुकत नव्हता. तोंड उघडं ठेवून श्वास चाललेला. मी उलटा क्रेट आणून त्यांच्या मागे ठेवला, तरी ते ताठ उभे. शेवटी माझा आवाज चढला. सगळ्या बायांच्या देखत मी बोलले, "अहो, काय ठरलं होतं डॉक्टरांशी? सांगितलेलं ऐकायचंच नाही का तुम्हाला?"

अण्णा खाली बघून तोडत राहिले.

शेजारच्या सरीतली बाई माझ्या जवळ सरकली. हळूच म्हणाली, "ताई, त्यांना बसवू नका ना आत्ताच. मालक बसला की आमचा च्या होतो. इथली रीतच हाय ती. च्या झाला की अर्धा तास गेला, अन् पिकअप तर साडेसातला निघतोय. आजचा बाजार हुकला तर दसऱ्याचं फूल उद्या संध्याकाळी कोण घेतंय?"

मी अण्णांकडे बघितलं. चार महिने मी या माणसाला आकडे विचारत होते.

"अण्णा," मी म्हणाले. यावेळी हळू. "किती? खरं सांगा."

अण्णांनी हातातलं फूल फडक्यात टाकलं. इकडेतिकडे बघितलं. "सोळा," ते म्हणाले. "सतरा धरा."

आणि ते बसले.

बारा बायांचे हात थांबले. एकेक वाकलेली पाठ सरळ व्हायला लागली. कुणी कमरेवर हात ठेवला, कुणी फडकं सोडलं, एक जण बांधावरच्या किटलीकडे निघालीसुद्धा. अण्णा क्रेटवर बसल्या बसल्या पुन्हा उठायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

काकू पार टोकाच्या सरीत होत्या. त्यांनी मान वर केली. नवऱ्याकडे बघितलं, किटलीकडे निघालेल्या बाईकडे बघितलं, पदर कमरेला खोचला आणि तिथूनच गरजल्या,

"मालक बसला असंल! मालकीण उभी हाय ना? तोडा!"